संथ प्रारंभास काळ्याचें उत्तर

बुद्धिबळाच्या खेळांत जे सल्ले निरुपद्रवी समजून सर्रास दिले जातात, त्यांपैकीं एकाविरुद्ध मला आज लिहावयाचें आहे. सल्ला असा : पांढऱ्यानें संथ व बंदिस्त प्रारंभ केला, पटाच्या मध्यभागीं प्यादीं भिडविलीं नाहींत, तर काळ्यानें चिंता करूं नये; आपलीं मोहरीं ठरलेल्या घरीं लावावीं, राजा सुरक्षित करावा आणि खरा खेळ सुरू होईल तेव्हां पाहून घ्यावें. हा सल्ला शिकवणीच्या वर्गांत दिला जातो, पुस्तकांत छापला जातो आणि हल्लीं पडद्यावरून घरोघर पोंचतो. ऐकावयास तो शहाणपणाचा वाटतो. माझ्या मतें तो चुकीचा आहे. आणि ज्या मुलांस तो दिला जातो त्यांचें त्यापासून पटाबाहेरही नुकसान होतें.

लिहिण्यास कारण घडलें तें असें. माझ्या एका स्नेह्यांची बारा वर्षांची मुलगी एका स्पर्धेहून परत आली ती हिरमुसल्या तोंडानें. डाव लिहिलेला कागद माझ्यापुढें ठेवून ती म्हणाली, "काका, यांत माझी चूक कोणती तें सांगा. मला सांपडतच नाहीं." मीं डाव पटावर मांडून पाहिला. पांढऱ्यानें राजाकडील घोडा काढला, त्याच बाजूच्या घोड्यापुढील प्यादें एक घर सरकवून तेथें उंट बसविला आणि राजा हत्तीच्या आड नेला. मुलीनेंही तेंच केलें. दहा चालींपर्यंत दोन्ही बाजू आरशांत पाहिल्यासारख्या होत्या. अकराव्या चालीला पांढऱ्यानें राजापुढील प्यादें दोन घरें पुढें घातलें, आणि पुढच्या पंधरा चालींत काळ्याचा डाव आटोपला. "तूं त्याच्या आधीं मध्यांत प्यादें कां घातलें नाहींस?" असें मीं विचारलें. ती म्हणाली, "समोरचा कांहीं करीत नसला कीं आपण आपलीं मोहरीं नीट लावून घ्यायचीं, असें आम्हांला शिकवलें आहे."

समोरचा कांहीं करीत नव्हता, हें मुळांतच खरें नव्हतें. तो वाट पाहत होता. आणि वाट पाहणें हीही पटावर एक कृतिच आहे.

प्रथम संथ प्रारंभ म्हणजे काय तें स्पष्ट करूं. राजापुढील किंवा वजिरापुढील प्यादें पहिल्याच चालीला दोन घरें टाकून मध्यभाग बळकावणें ही पांढऱ्याची जुनी व सरळ रीति. याउलट कांहीं प्रारंभांत पांढरा मध्यभागावर बसत नाहीं. बाजूनें त्याच्यावर नजर ठेवतो. वजिराच्या उंटापुढील प्यादें प्रथम चालविणारा इंग्लिश प्रारंभ, ज्याचा उपयोग हॉवर्ड स्टॉंटननें १८४३ सालीं पॅरिस येथें सें-आमांविरुद्धच्या सामन्यांत केला. राजाकडील घोडा आधीं काढणारा रेटीचा प्रारंभ. घोड्यापुढील प्यादें सरकवून तेथें उंट बसविणारा व मध्यांतील प्यादें आधीं एकच घर चालविणारा, 'राजाकडील भारतीय हल्ला' या नांवानें ओळखला जाणारा प्रारंभ. हे सर्व याच जातीचे. लंडन पद्धतींत वजिरापुढील प्यादें दोन घरें जातें खरें, पण त्यापुढील सर्व मांडणी इतकी ठराविक असते कीं तिलाही याच पंक्तींत बसवावें लागतें.

येथें कोणी म्हणेल कीं संथपणा हा आपल्या देशी खेळाचा धर्मच होता, मग त्याला नांवें कां ठेवतां? मी नांवें ठेवीत नाहीं. आपल्या जुन्या खेळांत बहुतेक ठिकाणीं प्यादें एका वेळीं एकच घर चालत असे, त्यामुळें दोन्ही सैन्यांची गांठ उशिरा पडे आणि मांडणीस महत्त्व येई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यांत महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन नांवाच्या स्कॉटिश बॅरिस्टराशीं पाश्चात्य नियमांनीं खेळत, तेव्हां काळीं मोहरीं घेऊन ते कॉक्रेनला मध्यभाग घेऊं देत आणि बाजूस बसविलेल्या उंटाच्या बळावर मागाहून त्यावर प्रहार करीत. 'भारतीय बचाव' हें नांव जगांत रूढ झालें त्याचें मूळ या डावांत आहे; आणि आज पांढरा ज्याला भारतीय हल्ला म्हणतो, ती त्याच मांडणीची उसनवारी आहे. तेव्हां संथ खेळ म्हणजे आळशी खेळ नव्हे, हें निदान आपणांस तरी कोणी शिकविण्याची गरज नाहीं.

परंतु एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. देशी खेळांत संथपणा हा नियमच होता; तो दोघांनाही सारखाच बांधीत असे, आणि म्हणून त्यापायीं कोणी कांहीं गमावीत नसे. पाश्चात्य नियमांत प्याद्याला दोन घरें जाण्याची मुभा आहे, आणि पहिली चाल पांढऱ्याची आहे. अशा ठिकाणीं जो पांढरा मध्यभाग घेत नाहीं, तो आपल्या पहिल्या चालीचा हक्क तात्पुरता सोडतो. तात्पुरता, हा शब्द मी जाणून वापरतों. तो हक्क त्याला पुढें सवडीनें वसूल करावयाचा असतो. मधल्या काळांत काळा काय करतो, यावर सगळें अवलंबून आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं सोडलेलें मैदान काळ्यानें घ्यावें, आणि घेतल्यावर तें सांभाळण्याची जबाबदारीही पत्करावी. 'ठरलेल्या घरीं मोहरीं लावा' हा सल्ला यांतील पहिली गोष्ट विसरतो. 'मैदान मोकळें आहे, धांवत सुटा' हा दुसरा, उतावळ्यांचा सल्ला दुसरी गोष्ट विसरतो.

माझ्या म्हणण्यास १९२४ सालच्या न्यूयॉर्क येथील स्पर्धेइतका चांगला दाखला मला दुसरा माहीत नाहीं. त्या स्पर्धेंत रिचर्ड रेटी पांढरीं मोहरीं घेऊन आपल्या नव्या संथ पद्धतीनें खेळत होता. त्याच्यासमोर जगज्जेता कॅपाब्लांका बसला. कॅपाब्लांकानें मध्यभाग लगेच घेतला नाहीं. दोन्ही उंट बाजूंच्या घोड्यांपुढील घरांत बसविले, वजिरापुढील प्यादें एकच घर चालविलें, आणि राजापुढील प्यादें नवव्या चालीस पुढें घातलें. दोन्हीकडे मांडणी चालली होती. अखेर सोळाव्या चालीस रेटीनें वजिरापुढील प्यादें मध्यांत आणून डाव उघडला, आणि एकतिसाव्या चालीस कॅपाब्लांका हरला. आठ वर्षांत त्याचा हा पहिला पराभव होता.

त्याच स्पर्धेंत त्याच रेटीसमोर काळीं मोहरीं घेऊन इमॅन्युएल लास्कर बसला. तो तेव्हां पंचावन्न वर्षांचा होता आणि जगज्जेतेपद तीन वर्षांपूर्वीं गमावून बसला होता. त्यानें पहिल्याच चालीस वजिरापुढील प्यादें दोन घरें टाकलें. रेटीनें बाजूनें त्यावर हल्ला करतांच उंटापुढील प्यादें एक घर सरकवून त्याला आधार दिला. आणि तिसऱ्या चालीस वजिराकडील उंट मोकळ्या पटावर आणून ठेवला. राजापुढील प्यादें त्यानें त्यानंतर हालविलें. या क्रमांतच सर्व मर्म आहे. तें प्यादें आधीं हाललें असतें तर उंट आपल्याच प्याद्यांच्या भिंतीमागें कोंडला गेला असता. पांढरा संथ असल्यामुळें मिळालेला एक क्षण लास्करनें नेमका त्या उंटासाठीं वापरला. तो डाव लास्करनें जिंकला, आणि वीस डावांत सोळा गुण मिळवून ती स्पर्धाही जिंकली.

एका डावावरून सिद्धांत मांडूं नये हें मला कळतें. कॅपाब्लांकाचा डाव केवळ प्रारंभामुळें गेला असें मी म्हणत नाहीं. पुढेंही त्याच्या हातून चुका झाल्या. पण एकाच स्पर्धेंत, एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर, एकाच प्रकारच्या प्रारंभास दोन अत्यंत थोर खेळाडूंनीं दिलेलीं हीं दोन उत्तरें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. एकानें मध्यभाग केव्हां उघडावा हें पांढऱ्यावर सोडलें. दुसऱ्यानें तो निर्णय आपल्याकडे घेतला. शिकवितांना विद्यार्थ्यापुढें ठेवावयाचा फरक हा आहे.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊं. पहिला आक्षेप असा कीं संथ प्रारंभांत धोका उशिरा येतो, म्हणून काळ्यास मांडणी पुरी करण्यास भरपूर वेळ असतो. त्याला माझें उत्तर १९६७ सालीं ट्युनिशियांतील सूस येथें झालेल्या आंतरविभागीय स्पर्धेंतील एक डाव हें आहे. बॉबी फिशरनें मंगोलियाच्या म्याग्मारसुरेनविरुद्ध तोच राजाकडील भारतीय हल्ला योजिला. काळ्यानें मध्यांत प्यादीं घातलीं, मोहरीं रीतसर काढलीं आणि सातव्या चालीस किल्लेकोट करून राजा कोपऱ्याकडे नेला. सर्व कांहीं पुस्तकाप्रमाणें. आठव्या चालीस फिशरनें राजापुढील प्यादें आणखी एक घर पुढें ढकललें. त्यानें काळ्या राजाचा मुख्य रक्षक जो घोडा, तो हांकलला गेला आणि मध्यभाग बंद झाला. मध्यभाग बंद झाला कीं लढाई दोन बाजूंस वांटली जाते. वजिराकडे काळा पुढें सरसावला. पण राजाकडे पांढऱ्याचीं मोहरीं जमत गेलीं, आणि काळ्याचा राजा तर तेथेंच जाऊन बसलेला. काळ्याचें एक प्यादें वजीर होण्यास एकच घर उरलें असतां, एकतिसाव्या चालीस फिशरनें राजासमोरील प्याद्यावर वजीर टाकून डाव संपविला.

या डावांत काळ्यास वेळ कमी पडला असें म्हणतां येईल काय? वेळ पुष्कळ होता. तो कोठें खर्चावा हा विचार झाला नाहीं. किल्लेकोट ही सुरक्षिततेची चाल आहे असें आपण मुलांना सांगतों, पण शत्रूचीं मोहरीं ज्या बाजूस तोंड करून उभीं आहेत त्या बाजूस घाईनें राजा नेणें ही सुरक्षितता नव्हे. ज्या प्रारंभांत मध्यभाग बंद होण्याचा संभव आहे, त्यांत राजा थोडा वेळ मध्यांत ठेवून पांढऱ्याचा रोख पाहावा. अथवा मध्यांतील प्याद्यांची अदलाबदल वेळींच करून ती वाट उघडी ठेवावी, म्हणजे बाजूनें येणाऱ्या हल्ल्यास मध्यांतून उत्तर देतां येतें. नेहमींच्या क्रमानें सर्व चाली उरकणाऱ्यास यांपैकीं कशाचाच विचार करण्याचें कारण उरत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो खुद्द रेटी व निम्झोविच यांच्या मतांतून निघतो. ते म्हणत, मध्यभागीं प्यादीं घालणें म्हणजे शत्रूस लक्ष्य पुरविणें. मग काळ्यानें हें लक्ष्य आपण होऊन कां उभें करावें? यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच मी 'धांवत सुटा' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाहीं. इंग्लिश प्रारंभास काळ्यानें राजापुढील प्यादें दोन घरें टाकून उत्तर दिलें, तर ती सिसिलियन बचावाचीच उलटी स्थिति होते. मात्र तींत पांढऱ्याजवळ एक चाल अधिक असते. सिसिलियनविरुद्ध पांढऱ्यानें ज्या धडाक्यानें पट उघडावा, त्याच धडाक्यानें येथें काळ्यानें उघडला तर ती एक चाल त्याच्यावर उलटते. जागा घेणें आणि लगेच लढाई पेटविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. लास्करनें पहिली केली, दुसरी केली नाहीं. त्यानें चार प्यादीं पुढें काढलीं नाहींत, एक काढलें आणि त्यास दुसऱ्याचा आधार दिला. आधार असलेलें प्यादें हें लक्ष्य असेलही, पण त्यावर नेम धरण्यांत पांढऱ्याचाही वेळ जातो.

हल्लींचें उदाहरण पाहिजे असेल तर २०२४ च्या डिसेंबरांत सिंगापूर येथें झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्याकडे पाहावें. अकराव्या, बाराव्या आणि चौदाव्या अशा तीन डावांत पांढऱ्यानें संथ प्रारंभ केला, आणि तिन्हींत काळ्यानें वजिरापुढील प्यादें पटाच्या मध्यरेषेपलीकडे नेलें. अकराव्यांत गुकेश पांढरा होता. काळीं मोहरीं घेतलेल्या डिंग लिरेनच्या हातून अठ्ठाविसाव्या चालीस घोर चूक झाली आणि तो हरला. दुसऱ्याच दिवशीं बाराव्या डावांत रंग पालटले; गुकेशनें प्यादें पुढें नेलें, पण थोड्याच चालींत त्याची अदलाबदल करून घेतलेली जागा परत केली, आणि डिंगनें तो डाव सफाईनें जिंकला. शेवटच्या, चौदाव्या डावांत गुकेशकडे पुन्हां काळीं मोहरीं होतीं. दोन दिवसांत दोनदां काळा हरलेला. डगमगण्यास यापेक्षां सबळ कारण कोणतें? तरीही नवव्या चालीस त्यानें तेंच प्यादें पुढें टाकलें. पांढऱ्यानें तें बदलून घेतलें, पण त्या घरावर काळ्याचा उंट येऊन बसला. डाव अठ्ठावन्न चालींपर्यंत गेला, पांढऱ्याची चूक पंचावन्नाव्या चालीस झाली, आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

या तीन डावांवरून 'प्यादें पुढें नेलें कीं जय' असा मंत्र कोणी काढूं नये; तीनपैकीं दोन डाव काळा हरला आहे. मला दिसतें तें एवढेंच, कीं जगज्जेतेपदासाठीं लढणाऱ्या दोन खेळाडूंनीं, सर्वांत अधिक मोलाच्या प्रसंगीं, संथ प्रारंभास 'मोहरीं लावून घ्या' हें उत्तर पुरेसें मानलें नाहीं.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. संगणक सांगतो कीं या सर्व प्रारंभांत काळ्यानें जवळजवळ कांहींही केलें तरी स्थिति बरोबरीची राहते; मग इतका उहापोह कशासाठीं? संगणकाचा निकाल मी खोटा म्हणत नाहीं. पण ती बरोबरी संगणकाची आहे. पुढच्या प्रत्येक चालीस अचूक उत्तर देणाऱ्याची आहे. बारा वर्षांच्या मुलीस बरोबरीची पण आपण कां उभे आहोंत हें न कळणारी स्थिति देणें, आणि किंचित अवघड पण उद्देश ठाऊक असलेली स्थिति देणें, यांत दुसरी देणगी मोठी आहे.

लंडन पद्धतीचें उदाहरण घेऊं, कारण आज मुलांच्या स्पर्धांत तीच पुष्कळ दिसते. तिचें आकर्षण असें कीं काळा कांहींही करो, पांढऱ्याच्या पहिल्या पांचसहा चाली ठरलेल्या : प्यादें, घोडा, उंट बाहेर, मग प्याद्यांचा त्रिकोण. काळाही तितक्याच ठराविक चाली करूं लागला, तर दोन पाठ म्हणणाऱ्यांची ती स्पर्धा होते. पण विचार करणारा काळा पाहतो कीं वजिराकडील उंट बाहेर पडला, म्हणजे त्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादें उघडें पडलें. तो आपल्या उंटापुढील प्यादें दोन घरें टाकून मध्यावर दाब आणतो आणि वजीर काढून त्या उघड्या प्याद्यावर रोखतो. पांढऱ्यास आतां पाठ म्हणून भागत नाहीं. त्याला उत्तर शोधावें लागतें. काळ्यानें येथें कांहीं पराक्रम केला असें नाहीं. त्यानें समोरच्या चालीकडे पाहिलें, इतकेंच.

आणि हाच माझा खरा वाद आहे. मी तीस वर्षें विद्यार्थ्यांस शिकवीत आलों आहें, आणि प्रश्न कोणताही असो, तयार उत्तर लिहून मोकळा होणारा विद्यार्थी मला दर वर्षीं भेटतो. तो मंदबुद्धि नसतो. पुष्कळदां तो कष्टाळू असतो. प्रश्न न वाचतां उत्तर देतां येतें, हें त्याला कोणीतरी लहानपणीं शिकविलेलें असतें. बुद्धिबळ हें तरी त्याला अपवाद असेल, अशा आशेनें आईबाप मुलांस या खेळास घालतात. तेथेंही जर 'समोरचा काय करतो तें पाहूं नकोस, तुझ्या सहा चाली कर' असेंच शिकवावयाचें, तर वेळ आणि पैसा खर्चून आपण शाळेंतील दोष पटावर नेऊन ठेवला, एवढेंच होईल.

मला सांगतील कीं नवशिक्यास नियम पाहिजेत, विचार मागाहून येतो. नियम अवश्य द्यावेत; पण प्रत्येक नियमाबरोबर त्याचें कारण द्यावें, आणि कारण जेथें संपतें तेथें नियमही संपतो हें सांगावें. राजा लौकर आड न्यावा, कारण मध्यभाग उघडला तर तो तेथें सांपडतो. मध्यभाग बंद असेल तर ती घाई नको. मोहरीं लौकर काढावीं, कारण लढाई जवळ आहे. लढाई दूर असेल तर आधीं जागा घ्यावी. इतकें बारा वर्षांच्या मुलांस समजत नाहीं, असें म्हणणारांनीं त्यांना एकदां सांगून पाहावें.

मीं सांगून पाहिलें. त्या मुलीचा डाव आम्ही पुन्हां पहिल्या चालीपासून मांडला, आणि पांढऱ्याच्या प्रत्येक चालीनंतर तिनें एकाच प्रश्नाचें उत्तर द्यावें असें ठरविलें : यानें काय केलें, आणि काय करावयाचें सोडलें? तिसऱ्या चालीवर ती थांबली. बराच वेळ पटाकडे पाहून म्हणाली, "काका, यानें मध्यांत अजून एकही प्यादें घातलेलें नाहीं. मग मीं घालूं?" मीं होकार दिला नाहीं; "घातल्यावर त्याला आधार कोण देईल?" एवढें विचारलें. तिनें उंटापुढील प्याद्यावर बोट ठेवलें. लास्करचें नांव तिनें तोंवर ऐकलेंही नव्हतें.